सुरमईचा गुण आणि दहा वर्षांचा घरखर्च

लेखन करण्याचा मला कोणताही अधिकार नाही, हे मी आरंभीच मान्य करतो. चौतीस वर्षे मी मरोळच्या एका कारखान्यात यंत्रांच्या सुट्या भागांचे आराखडे काढले. त्या कामात शब्द जितके कमी, तितका आराखडा चांगला समजला जाई. निवृत्तीनंतर, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, ही सवय मोडून चार पाने खरडण्याचे धाडस मी करीत आहे, त्याबद्दल वाचकांनी मला उदार मनाने क्षमा करावी. (आमच्या घरातून ती अद्याप मिळालेली नाही.)

घटना तशी साधी आहे. मासे खाल्ल्याने औषधांचा खर्च कमी होतो, हे मी मुलुंड पूर्वेच्या बेचाळीस ज्येष्ठ नागरिकांना आकडेवारीनिशी सिद्ध करून दाखवले.

आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एखादा सभासद भाषण करतो. आदल्या महिन्यात बद्धकोष्ठतेवर भाषण झाले होते आणि ते वक्त्याच्या उत्साहामुळे दीड तास चालले होते. पुढच्या विषयाने लोकांच्या जिवाला थोडा विसावा द्यावा, या हेतूने मंडळाचे चिटणीस शहाभाई माझ्याकडे आले. शहाभाई आमच्याच मजल्यावर राहतात आणि त्यांना ‘नाही’ म्हणणे अजून कोणालाही जमलेले नाही.

“सावंतसाहेब, तुमी ग्राफ काढता ना?”

“काढत असे,” मी अदबीने म्हणालो.

“बस! दहा वर्षांत घरखर्च कसा वाढला, त्याच्यावर ग्राफ काढायचा आणि बोलायचं. वीस मिनिटं. नाव पण मी छापून टाकलं.”

चारचौघांत बोलायचे म्हटले की माझ्या जिभेचा आणि माझा संबंध तुटतो. परंतु आलेख हा शब्द कानी पडताच मला कित्येक वर्षांनी उभारी आली. साहित्यही घरातच होते. कारखान्यातून दर नववर्षाला, निवृत्तीनंतरही, मिळणारी डायरी मी पत्नीच्या, म्हणजे सुलभाच्या, हाती देत असे आणि ती तीत रोजचा खर्च लिहीत असे. दहा वर्षांच्या दहा डायऱ्या! एवढी सलग आणि एका हाताने नोंदवलेली माहिती आमच्या कारखान्यातसुद्धा कधी मिळाली नव्हती.

आठ दिवस मी जेवणाच्या टेबलावर आलेखाचा कागद पसरून बसलो. (कुटुंबाने ते आठ दिवस मांडीवर ताट घेऊन काढले.) प्रत्येक महिन्याची बेरीज, वर्षाची सरासरी, मग प्रत्येक बाबीची वेगळी रंगीत रेघ. दूध वाढले, वीज वाढली, केबलची रेघ संपून इंटरनेटची सुरू झाली. टेलिफोनची रेघ तर जमिनीला टेकून दिवंगत झाली. हे सारे अपेक्षितच होते. पण दोन रेघांनी माझी झोप उडवली.

पहिली सहा वर्षे औषधांची निळी रेघ डोंगरासारखी उंच होती आणि मासळीची तांबडी रेघ तळाशी निमूट पडून होती. सातव्या वर्षापासून तांबडी एकदम आकाशात आणि निळी थेट दरीत! मधे कुठेतरी दोघींनी एकमेकींना कात्री मारली होती. मासे वाढले आणि औषधे घटली. इतका स्वच्छ संबंध मी पोलाद आणि गंज यांच्यातही पाहिला नव्हता.

आता त्या रेघांमागचे सत्य मला पुढे कळले, पण वाचकांना ताटकळत ठेवणे बरे नव्हे, म्हणून येथेच सांगून टाकतो.

माझी आई मालवणकडची. आज ती सत्त्याऐंशी वर्षांची आहे. दहा वर्षांपूर्वी हिरा नावाची कोळीण बुधवारी आणि शुक्रवारी आमच्या दाराशी टोपली उतरवीत असे आणि आई स्टूल टाकून भाव करायला बसे. आईच्या मनातील माशांचा भाव मात्र ती लग्न होऊन मुंबईला आली, तेथेच थांबला होता. हिराने पापलेटांची जोडी आठशेला सांगितली, त्या दिवशी आई कडाडली, “एवढ्या पैशात अख्खी होडी येतली!” आणि तिने मासे तर परत पाठवलेच, वर निषेध म्हणून रात्री जेवणही सोडले. असे सलग तीन आठवडे झाले.

तेव्हा सुलभाने हिराशी गुप्त करार केला. हिराने आईला निम्मा भाव सांगायचा. आईने त्यातूनही पन्नास रुपये तोडायचे. हिराने कपाळावर हात मारून “आजी, पोरांच्या तोंडचा घास काढलास गं!” असे म्हणायचे (हे ती इतके मनापासून म्हणे की एकदा माझ्याच डोळ्यांत पाणी आले होते). नंतर कचऱ्याची बादली घेऊन सुलभाने खाली जायचे आणि जिन्यापाशी उरलेले पैसे चुकते करायचे.

आता ते उरलेले पैसे डायरीत कुठे दाखवायचे? कारण दर रविवारी दुपारी डायरीचे जाहीर वाचन होत असे. आई ऐकत असे आणि एकेका बाबीवर हरकत घेत असे. फक्त एका रकान्याला ती कधी बोट लावत नसे. “औषधाचे पैसे कमी करूचे नसतत. गुण येणा नाय,” अशी तिची श्रद्धा. तेव्हा पापलेटांचा वरचा अर्धा भाग सुलभा औषधांत लिहू लागली.

आणि हे वाचन दर रविवारी कोण करीत असे? मी! “औषधे, चारशे पन्नास. औषधे, पुन्हा चारशे पन्नास,” असे मी खणखणीत आवाजात वाचीत असे. घरात नेमके आजारी कोण आहे, हा प्रश्न मला सहा वर्षांत एकदाही पडला नाही.

पुढे आमची मुलगी मृणाल नोकरीला लागली आणि मासे फोनवरून मागवू लागली. ते बंद खोक्यातून येत; भाव आईला दिसत नसे. त्याच सुमारास रविवारी दुपारी आईची मालिका सुरू झाली आणि वाचनाचा कार्यक्रम बंद पडला. सुलभाने सुटकेचा श्वास सोडून खरे आकडे खऱ्या रकान्यात लिहायला सुरुवात केली. इतकेच काय ते माझ्या दोन रेघांचे रहस्य. मला मात्र तिथे वैद्यकशास्त्र दिसले.

आलेख मी प्रथम घरातल्यांना दाखवला. सुलभा पाहतच राहिली. तिला शोधाचे महत्त्व पटले, असे मला वाटले.

“बाबा,” मृणाल म्हणाली, “आकडे तपासलेत का? आईला एकदा विचारा ना.”

“अगं, तिचेच तर हस्ताक्षर आहे. आता आणखी काय विचारायचे?”

“अहो, ती औषधं म्हणजे…” सुलभाने सुरुवात केली. तोच आतून आई काठी टेकत बाहेर आली.

“काय औषधा? कोणाक काय झाला?”

“काही नाही हो आई,” म्हणून सुलभा स्वयंपाकघरात गेली.

आणि येथून पुढे गोष्ट केवळ रेघांची राहिली नाही. त्याच शनिवारी आमच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरण्याची, सवलतीचे दिवस धरूनही, शेवटची तारीख होती. दहा वर्षांत आमच्या घरात सर्वांत जास्त काही वाढले असेल, तर तो हा हप्ता. मी आलेखाकडे पाहिले, मग हप्त्याच्या पत्राकडे पाहिले आणि आयुष्यात प्रथमच एक निर्णय कोणालाही न विचारता घेतला.

“हा हप्ता आपण भरणार नाही. या पैशांत वर्षभर सुरमई येईल. आजारपणच आले नाही, तर विमा हवा कशाला?”

“अहो, माझा गुडघा!” सुलभा जवळजवळ ओरडली. तिच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया सहा महिन्यांत करावी लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले होते. “एकदा पॉलिसी तुटली, की नवीन घेतली तरी गुडघ्यासाठी परत काही वर्षं थांबावं लागतं. तोवर मी काय रांगू?”

“सुरमईचा गुण थोडा येऊ दे तर.”

“आग लागो त्या सुरमईला!”

त्यानंतरचे तीन दिवस सुलभा मला एकट्याला गाठू पाहत होती. पण दीड खोल्यांच्या घरात एकांत ही वस्तू मिळत नाही. भजनातला शब्द न ऐकू येणाऱ्या आईला कुजबुज मात्र भिंतीपलीकडूनही ऐकू येते. गॅलरीत जावे, तर पलीकडे शहाभाई कबुतरांना दाणे टाकीत उभे. शेवटी सुलभाने मला फोनवर संदेश पाठवला: “ती औषधं नव्हती, मासे होते.” तो मी वाचला असता, तर हा लेख लिहावा लागला नसता. पण भाषणाची तयारी करताना व्यत्यय नको, म्हणून मी फोन बंद करून कपाटात ठेवला होता.

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता सोसायटीच्या सभागृहात बेचाळीस ज्येष्ठ हजर झाले. सामोसे ठेवले होते, हेही त्यामागचे एक कारण असावे. पहिल्या रांगेत आई नवी साडी नेसून बसली होती. तिच्या शेजारी सुलभा हातात विम्याचे पत्र घट्ट धरून, आणि तिच्या शेजारी मृणाल.

पहिली दोन मिनिटे माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. दूध, वीज, टेलिफोन झाले. मग मी छडी निळ्या आणि तांबड्या रेघेवर ठेवली आणि काय झाले कोण जाणे, माझ्या अंगात कोणीतरी वक्ता शिरला!

“मित्रहो, ज्या वर्षी आमच्या घरात मासळी दुप्पट झाली, त्याच वर्षी औषधे निम्म्याहून खाली आली. या रेघा बोलत आहेत. मी फक्त त्यांचा दुभाषी आहे!”

टाळ्या! चौतीस वर्षांत माझ्या एकाही आराखड्याला कोणी टाळी वाजवली नव्हती.

“ब्लडप्रेशरला बोंबील चालतात काय हो?” मागून एक आवाज आला.

“उत्तम,” मी म्हणालो.

“सुके की ओले?”

“दोन्ही.” (हे मी कशाच्या आधारावर सांगितले, ते कृपया विचारू नये.)

“आणि किती वेळा घ्यायचे? जेवणाआधी की नंतर?”

“जेवणातच घ्यावेत,” मी गंभीरपणे सांगितले, आणि तिघीचौघींनी ते वहीत लिहूनही घेतले.

एवढ्यात शहाभाई व्याकूळ होऊन उठले. “सावंतसाहेब, एक मिनिट! आमी लोक मच्छी खात नाय. मग आमी काय, औषधातच मरायचं?”

सभागृहात गलका झाला. पनीरला हाच गुण येतो का, अशी विचारणा झाली. एकाने तर मंडळातर्फे मासळीची एकत्रित खरेदी करण्याचा ठराव मांडला आणि लगेच त्याला अनुमोदनही मिळाले. मी हात वर करून शांतता प्रस्थापित केली. (मी! ज्याला रिक्षा थांबवतानाही हात वर करायला संकोच वाटतो!)

“मी स्वतःपासूनच सुरुवात करीत आहे. आज आमच्या आरोग्य विम्याच्या हप्त्याची अखेरची तारीख. तो न भरण्याचा मी निश्चय केला आहे!”

या वेळी टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि त्या कडकडाटात सुलभा उभी राहिली. आधी तिने माझ्याकडे पाहिले, मग आईकडे पाहिले. दहा वर्षे जे तिने एका माणसापासून लपवले, ते आता त्याच माणसाच्या शेजारी उभे राहून बेचाळीस जणांना सांगायचे होते.

“ती औषधं नव्हती,” ती म्हणाली. “पापलेटं होती.”

मग तिने सारे सांगितले. निम्मा भाव, जिना, कचऱ्याची बादली, आणि दर रविवारी माझे ते खणखणीत वाचन. सांगता सांगता तिचा आवाज खाली खाली जात होता आणि सभागृह पुढे पुढे वाकत होते. शेवटी ती आईकडे वळली. “आई, तुम्ही उपाशी झोपत होतात हो. मला दुसरं काही सुचलं नाही.”

कोणी सामोसासुद्धा चावेना. आई काठीवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होती. या बाईने आयुष्यात एकच गोष्ट अभिमानाने सांगितली होती, की कोळणीने अजून तिला कधी गुंडाळले नाही.

“म्हणजे जोडी आठशेक होती?” आईने विचारले.

“हो.”

“आणि हिरा रडाची, ता?”

“नाटक होतं, आई.”

आईने काठी एकदा जमिनीवर आपटली. मग तिने काठीचे टोक माझ्याकडे वळवले.

“माका फसवलंस ता जांव दे. माझा वय झाला. पण ह्यो? चौतीस वर्सा नकाशे काढल्यान, आणि घरात कोण आजारी हा तां ह्याका ठावक नाय!”

हशा असा उसळला की आलेखाचा कागद भिंतीवरून सुटून माझ्या खांद्यावर पडला. आईने मात्र हसण्याला वाव दिला नाही.

“दात काय काढतास? आधी तो हप्तो भर रे. सुनेचो गुडघो तुझ्या त्या रेघांर टांगून ठेवतंस काय?”

विमा कंपनीचे जवळचे कार्यालय केव्हाच बंद झाले होते. मृणालने घरून माझा फोन धावत आणला आणि तेथेच, व्यासपीठावर, भरणा सुरू झाला. परवलीचा शब्द दोनदा चुकला. तिसऱ्यांदा चुकला तर खाते बंद होईल, अशी सूचना पडद्यावर आली आणि सुलभाने डोळे मिटून घेतले.

“बाबा, मांजरीचं नाव टाका! आपल्या जुन्या मांजरीचं!”

“पहिलं अक्षर मोठं!” तिसऱ्या रांगेतून कोणीतरी ओरडले.

मांजरीने लाज राखली. मग फोनवर सांकेतिक क्रमांक आला. चष्मा सापडेना, म्हणून तो शहाभाईंनी मोठ्याने वाचला. हा क्रमांक कोणालाही सांगू नये, यावर आमच्या मंडळात आजवर चार व्याख्याने झाली आहेत. त्या व्याख्यानांना हजर असलेल्या प्रत्येकाने तो आता एका सुरात मला सांगितला. पडद्यावर हिरवी खूण उमटली. सुलभा खुर्चीत मटकन बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. मी तिच्याजवळ गेलो. पण तोवर माझ्यातला वक्ता निघून गेला होता.

“कितक्याक पडलो हप्तो?” आईने विचारले.

रक्कम होती त्रेपन्न हजार. मी आलेखाची गुंडाळी करू लागलो. सुलभाने छताकडे पाहिले. तेव्हा शहाभाई पुढे झाले. ज्या माणसाने उभ्या जन्मात मासळीच्या बाजारात पाय ठेवलेला नाही, तो क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला, “आजी, सव्वीस हजार.”

“आणि ह्येणां घासाघीस करूक नाय?”

पुढे सुलभाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि विम्याने तो भार उचलला. ती आता सहा आठवडे घरात वॉकर धरून चालते आहे आणि घरखर्च माझ्या हाती आला आहे. आईने खोक्यातले मासे बंद केले. “हिराकडसून घेवन ये. माझो तिच्याशी हिशोब रवलो हा,” असा हुकूम सुटला, पण तिला बाजारापर्यंत चालवत नाही, म्हणून तो हिशोब पुरा करायला मला पाठवले जाते.

हिरा आता बाजारात बसते. मी पिशवी घेऊन तिच्यापुढे उभा राहिलो.

“या सायेब! वयनींचा गुडघा कसा हाय? जोडी बाराशे. तुमच्यासाठी हां.”

दहा वर्षांचा घरखर्च पाठ असलेला माणूस मी. महिन्याची सरासरी झोपेतून उठवून विचारा, सांगेन. परंतु हे बाराशे पूर्ण आहेत, निम्मे आहेत, की गुडघ्याची विचारपूस त्यात धरली आहे, हे मला काही केल्या कळेना. संकोचाने मी पैसे दिले. हिराने कपाळावर हातसुद्धा मारला नाही. ते मला फार लागले.

घरी येऊन आकडा सांगितला. आईने माझ्याकडे बराच वेळ करुणेने पाहिले. सुलभाने उशीत तोंड खुपसले आणि तिचे खांदे हलू लागले. मृणाल “बाबा, तुम्ही ग्रेट आहात,” एवढेच म्हणून आत गेली. मी स्वच्छ विचारले, “जास्त दिले का?” तर तिघीही म्हणाल्या, “छे, छे! अगदी बरोबर.” घरात तिघींचे एकमत या आधी मी कधीच पाहिलेले नाही, म्हणून धास्ती वाटते. शहाभाईंना विचारून उपयोग नाही आणि मंडळात मासळीचा विषय काढण्याची आता मला बंदी आहे.

तेव्हा संकोच बाजूला ठेवून आपल्यालाच विचारतो. मध्यम आकाराच्या पापलेटांची जोडी तुमच्याकडे सध्या कितीला मिळते हो?